फेझच्या तांबट चौकात जायच्या आधी

कासाब्लांका,
16 मार्च 2025

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांस,
शि. सा. नमस्कार. आजीला वेगळा नमस्कार.

पहिल्यांदा तब्येतीचं, म्हणजे आई पुढचं शांतपणे वाचेल. मी ठणठणीत आहे. सर्दी होती ती गेली. रमझान चालू आहे म्हणून मला कुणी उपाशी ठेवत नाही. कारखान्याचं कॅन्टीन दिवसा बंद असतं, पण रोजे न धरणाऱ्यांसाठी वरच्या मजल्यावर एक खोली दिली आहे, तिथे डबा खाते. रस्त्यात मात्र काही तोंडात टाकत नाही, पाणीसुद्धा नाही. सगळे उपाशी असताना ते बरं दिसत नाही. होळीला पुरणपोळी केली. हरभऱ्याची डाळ जवळपास मिळाली नाही, पण छोले इथे पोत्यांनी असतात. ते भिजवले, एकेकाचं साल काढलं आणि त्याचंच पुरण घातलं. जायफळ होतंच. पोळ्या फाटल्या नाहीत. घरमालकीणबाईंना रोजा सोडायच्या वेळी दोन नेऊन दिल्या, तर त्यांनी परतीच्या ताटात शेबाकिया आणि वाडगाभर हरिरा पाठवला. शेबाकिया म्हणजे मधात बुडवलेली, तीळ लावलेली तळलेली मिठाई, आणि हरिरा म्हणजे टोमॅटो, मसूर नि छोल्यांचं दाट सार. तेव्हा खाण्यापिण्याचे हाल अजिबात नाहीत.

आता फोनच्या वेळेचं. आई, गेले काही दिवस माझा फोन तासभर उशिरा येतो म्हणून तू आत्याला म्हणालीस, "कामाचा ताण वाढलाय, पोर सांगत नाही." तसं काही नाही गं. मी इथे रोजच्यासारखी पाचलाच फोन करते. इथलं घड्याळच मागे गेलंय. नीट सांगते, म्हणजे तुला आजीलाही सांगता येईल. मोरोक्कोचं घड्याळ 2018 पासून वर्षभर ग्रीनिचच्या एक तास पुढे असतं. तेव्हा आपल्यात आणि इथे साडेचार तासांचं अंतर पडतं. पण रमझान लागायच्या आधीच्या रविवारी पहाटे तीन वाजले की दोन करतात आणि सगळा देश महिनाभरासाठी ग्रीनिचच्या वेळेवर येतो. मग अंतर होतं साडेपाच तास. ईद झाली की येणाऱ्या रविवारी पहाटे दोनचे परत तीन. का, तर रोजा सूर्य मावळला की सुटतो. घड्याळ मागे घेतलं की मावळतीला साडेसातच्या जागी साडेसहाच वाजलेले असतात. उपास तेवढाच, पहाटेपासून मावळतीपर्यंत, त्यात एक मिनिट कमी होत नाही. पण संध्याकाळ लवकर होते, जेवण आणि रात्रीची लांब नमाज आटोपून माणसांना थोडी झोप मिळते. सरकारी कचेऱ्याही या महिन्यात सकाळी नऊ ते दुपारी तीन एवढ्याच चालतात. मोबाइल आपोआप बदलतो, भिंतीवरचं घड्याळ बदलत नाही, आणि आमच्या घरमालकीणबाई ते हलवायला तयार नसतात. त्यांच्याशी कसलीही वेळ ठरवायची तर आधी विचारायचं, जुन्या वेळेने की नव्या? मागच्या आठवड्यात प्लंबर यायचा होता, तो नव्या वेळेने आला आणि बाई जुन्या वेळेने झोपल्या होत्या.

तर सांगायचं एवढंच की 5 एप्रिलपर्यंत माझा फोन साडेदहालाच येणार. बाबांना जागवत ठेवू नकोस. 6 एप्रिलपासून पुन्हा साडेनऊ. ही 6 तारीख कॅलेंडरवर लिहून ठेव, धाकट्या सोनूच्या साखरपुड्याला लागणार आहे.

आता खरी बातमी. शुक्रवारी, 4 एप्रिलला, मी फेझला जाते आहे. दोन रात्री, रविवारी परत.

लगेच कपाळावर आठ्या घालू नका. पूर्ण वाचा. एकटी जात नाही. टूलरूममधली माझी मैत्रीण मूळची फेझची, तिच्या आईवडिलांचं घर तिथे नव्या गावात आहे, उतरायचं त्यांच्याकडेच. हॉटेलचा प्रश्न नाही. जाणं-येणं आगगाडीने. कासाब्लांकाहून रबात, केनित्रा, मेकनेस करत सुमारे चार तास लागतात, म्हणजे आपलं पुणे-मुंबई धरा थोडं जास्त. तांजेरला जाते ती वेगवान गाडी या मार्गावर नाही, साधीच आहे, आणि साधीच बरी. दिवसाची तिकिटं बघितली आहेत, रात्रीचा प्रवास नाही.

ईदच्या सुट्टीतच का नाही गेले, असं बाबा विचारतील. ईद 31 मार्चला किंवा 1 एप्रिलला, चंद्र दिसेल तशी. यंदा आपला पाडवा 30 ला, म्हणजे ज्या अमावास्येनंतर आपण गुढी उभारणार तीच यांचा महिना संपवणार. पण ईदला जुन्या फेझमध्ये दुकानं बंद असतात, कारागीर आपापल्या घरी जातात, आणि ती ठोकाठोक ऐकायला मिळाली नाही तर मी जाऊन करू काय? शिवाय ईदच्या दोन दिवशी कारखान्यात मोजकीच माणसं थांबतात. मी आपणहून नाव दिलं, म्हणजे ज्यांचा सण आहे त्यांना घरी जाता येईल. त्याबदल्यात शुक्रवार मिळाला.

बाबा, आता तुमच्यासाठी. फेझच्या जुन्या गावात, त्याला इथे मदिना म्हणतात, तांबटांचा एक चौक आहे. सफ्फारीन त्याचं नाव. मध्ये झाड, भोवती दुकानं, आणि दुकानांच्या तोंडाशी माणसं जमिनीवर बसून भांडी ठोकताहेत. मैत्रिणीने तिथे केलेलं चित्रण मला दाखवलं. एक म्हातारे गृहस्थ, तुमच्याच वयाचे असतील, मोठा हंडा पायांनी दाबून बसलेले. डावा हात भांडं अंगठाभर फिरवतो, उजवा ठोका घालतो, पुन्हा अंगठाभर, पुन्हा ठोका. नजर हातोडीवर नाही, रस्त्यावरून जाणाऱ्यांकडे. तरी पत्र्यावरचे खड्डे ओळीत. मी ते पुन्हा पुन्हा पाहिलं. आवाज बंद करून पाहिलं तरी मला आपल्या तांबट आळीचा आवाज येत होता. लग्नाच्या जेवणावळींसाठी ते एवढाली तांब्याची पातेली करतात की आत माणूस उभा राहील, आणि ती भाड्याने देतात. ती मला बघायची आहेत. कल्हई कशी करतात, नवसागर वापरतात की दुसरं काही, जोड कुठे देतात, हे सगळं विचारून लिहीन. तुम्हाला आणखी काही विचारायचं असेल तर सोनूजवळ सांगून ठेवा. मैत्रीण दुभाषी होईल.

त्या चौकाला लागूनच करावियीन आहे. 859 साली फातिमा अल-फिहरी नावाच्या बाईने ती मशीद बांधवली असं मानतात, आणि आजही चालू असलेलं जगातलं सर्वांत जुनं विद्यापीठ म्हणून तिची नोंद आहे. आम्हाला आत जाता येत नाही, या देशात बिगरमुस्लिमांना बहुतेक मशिदींत प्रवेश नाही. इथली हसन दुसरे यांची समुद्राकाठची मशीद अपवाद, ती मी तुम्हाला व्हिडिओ कॉलवर दाखवली होती. पण दारातून अंगण दिसतं म्हणतात. शिवाय चौदाव्या शतकातल्या अत्तारीन आणि बू इनानिया या मदरशांत तिकीट काढून जाता येतं. बू इनानियासमोर भिंतीत एक पाण्यावर चालणारं घड्याळ होतं, 1357 चं. तास भरला की धातूचा गोळा पितळेच्या वाटीत पडायचा. आता ते बंद आहे. त्या वाट्या कुणा तांबटानेच केल्या असणार. आणि राजवाड्याचे सात पितळी दरवाजे! ते फेझच्याच कारागिरांनी केलेत, आत जाता येत नसलं तरी दरवाजे बाहेरूनच बघायचे आहेत. कातडी कमवायचे रंगीत हौद सगळे पर्यटक बघतात, मीही गच्चीवरून बघेन, पण वेळ घालवणार नाही.

शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर मदिनेत बरीच दुकानं उघडत नाहीत. म्हणून शुक्रवार दरवाजे आणि टेकडीवरच्या मरिनी घराण्याच्या थडग्यांजवळून गाव बघण्यात, आणि शनिवार सकाळपासून सगळा चौकासाठी राखून ठेवला आहे.

आई, तुझं म्हणणं की त्या बोळांत माणूस हरवतो. हरवतो, खरं आहे. गल्ल्या हजारो आहेत, मोटारी आत जात नाहीत, ओझी खेचरांवरून येतात. पण बू जलूद दरवाज्यातून आत शिरलं की दोन मोठे रस्ते उतरत सरळ करावियीनपर्यंत जातात. खाली जायचं ते उताराने आणि परत यायचं ते चढाने, एवढं लक्षात ठेवलं की पुरतं. "हा रस्ता बंद आहे, मी दाखवतो" म्हणत पोरं मागे लागतात, त्यांच्यामागे जायचं नाही. आणि मी पुण्याच्या कसब्यात वाढले आहे, मला बोळांची भीती घालू नकोस. अंगभर कपडे असतील, ओढणी असेल, अंधार पडायच्या आत घरी. याहून जास्त मी पुण्यातही करत नव्हते.

आता जे लिहायला मी दोन दिवस टाळत होते ते. रामनवमीला, 6 एप्रिललाच, सोनूचा साखरपुडा, आणि मी इथे फिरायला निघाले. आत्या काय म्हणाली ते सोनूने सांगितलं. मला तिचा राग नाही. पण हिशेब बघा: मध्ये विमान बदलून यायला जवळजवळ पूर्ण दिवस, जायला तेवढाच, हातात राहणार एक दिवस, आणि तिकिटाला लाखाच्या आसपास. लग्न डिसेंबरात. तेव्हा मला तीन आठवडे हवे आहेत, रजा त्यासाठी साठवते आहे. हळद लावायला, रुखवत मांडायला, बाबांबरोबर कार्यालयात फेऱ्या मारायला मी असेन. फेझला जायला येऊन-जाऊन, खाण्यापिण्यासह, नऊशे दिरहमच्या वर जाणार नाहीत, म्हणजे आठ हजार रुपये. ते माझ्या हातखर्चातून वाचवलेले आहेत, घरच्या पैशातले नाहीत.

मुहूर्त अकराचा आहे ना? तिथे अकरा म्हणजे, घड्याळ त्याच पहाटे पुढे गेलेलं असल्यामुळे, इथे साडेसहा. पावणेअकरालाच व्हिडिओ कॉल लावा, मी साडी नेसून तयार असेन. मैत्रिणीच्या आईला सांगून ठेवलंय, त्याही बघणार आहेत. कॅमेरा सोनूवर धरायला विसरू नका, मागच्या वेळी अर्धा वेळ छत दिसत होतं. सोनूसाठी फेझचं भरतकाम घेणार आहे. निळ्या दोऱ्याचं, दोन्ही बाजूंनी सारखंच दिसतं, उलटी बाजू नसते. तांब्याचं काही आणणार नाही, ते आपल्या घरातून बाहेर जातं, घरात येत नाही.

माझ्या लग्नाचं: नाशिकच्या स्थळाची माहिती आली. मुलगा बरा वाटतो. पत्रिका जुळवायला हरकत नाही, पण त्यांना आधीच स्पष्ट सांगा की माझा इथला करार पुढच्या वर्षीच्या जूनपर्यंत आहे आणि तो मी मोडणार नाही. हे ऐकून ते थांबले तर बोलू. धाकटीचं आधी होतंय म्हणून कुणी मला किंवा तिला काही ऐकवू नये, आणि बाबा, तुम्ही तर मुळीच मनाला लावून घेऊ नका. तिचं ठरलं तेव्हा मला इतका आनंद झाला की रात्री झोप लागली नाही.

बाबा, कानाच्या मशीनचं तुम्ही पुन्हा पुढे ढकललंत. फोनवर तुम्ही "बरं बरं" म्हणता तेव्हा तुम्हाला ऐकू आलेलं नसतं, हे मला इथे कळतं. आयुष्यभर ठोके घातल्यावर कान जाणारच, त्यात लाजण्यासारखं काही नाही. साखरपुड्याच्या आधी घ्या. त्याचे पैसे वेगळे पाठवते आहे, तांब्याच्या पत्र्यात घालू नका. पत्र्याचा भाव चढलाय हे मलाही माहीत आहे, त्यासाठी पुढच्या महिन्यात बघू.

आजीने डोळ्यांत थेंब वेळेवर घालावेत. पाडव्याला गुढीला माझ्या नावाने एक साखरेची माळ जास्त घाला.

सर्वांना नमस्कार, सोनूला खूप प्रेम.

तुमची,
मोठी

ता. क. मंगळवारी खात्यात एक लाख दहा हजार जमा होतील. चाळीस घराच्या हप्त्याचे, तीस साखरपुड्याचे, चाळीस कानाच्या मशीनचे. कार्यालयवाल्यांनी डिसेंबरसाठी आगाऊ रक्कम मागितली तर यातून देऊ नका, मला कळवा, एप्रिलच्या पगारातून पाठवते.