हिवाळ्यात ट्राउट पाण्यातच सोडा

महोदय,
हिवाळी फ्लाय फिशिंग (गळाला नकली कीटक बांधून ट्राउटसारखे थंड पाण्यातले मासे पकडणं) करणाऱ्यांना कळकळीची विनंती: हवा शून्याखाली असताना फोटोसाठी मासा पाण्याबाहेर काढू नका. कल्ल्यांचे पडदे इतके नाजूक, की त्यांवरचं पाणी गोठून इजा होते. गळाचा उलटा काटा आधीच चिमट्याने दाबून टाका, म्हणजे मासा पाण्यातच सुटतो.

पाणी ४-५ अंशांखाली गेलं की ट्राउट संथ डोहात तळाशी बसतो, घासासाठी फारसा हलत नाही. तेव्हा १८ ते २२ नंबरच्या बारीक गळावरची निम्फ (पाण्यातल्या कीटकाच्या पिल्लासारखा नकली कीटक) तळालगत, प्रवाहाच्याच वेगाने वाहू द्यावी. दोरीला ताण आला की निम्फ ओढली जाते आणि मासा तोंड लावत नाही.

आणि तळाशी फिकट, धुतल्यासारखी खडी दिसली, तर तिथे पाय ठेवू नका. तपकिरी ट्राउटची अंडी त्याच खडीखाली असतात.

— एक वाचक