पंचताई, प्लेट पुसायला घेतलेल्या त्या मिनिटासाठी

आदरणीय पंचताई,
सप्रेम नमस्कार.

मागच्या वर्षी दिवाळीआधी अमरावतीला विभागीय शालेय सॉफ्टबॉल स्पर्धा झाली. १७ वर्षांखालच्या मुलींच्या उपांत्य सामन्यात तुम्ही होम प्लेटमागे उभ्या होतात. जाळीमागून "पंच विकला गेलाय" असं ओरडला तो मी. आमच्या कॅचरचा, म्हणजे प्लेटमागे बसून बॉल धरणाऱ्या मुलीचा, बाप.

आधी माफी मागतो. ती त्याच दिवशी मागायला हवी होती, पण मॅच संपली तेव्हा माझा राग उतरला नव्हता, आणि उतरला तोवर तुम्ही पलीकडच्या मैदानावर पुढची मॅच लावत होता.

सातवी, म्हणजे शेवटची इनिंग. आमच्या पोरी ६-५ ने पुढे. दोन आऊट, एकच बाकी, समोरची एक मुलगी तिसऱ्या बेसवर, आणि बॅटरने तिसऱ्या स्ट्राइकला बॅट हवेतच फिरवली. जाळीमागे आम्ही पंधरा-वीस पालक एकदम नाचायला लागलो. जिंकलो! आता फायनल, मग राज्य स्पर्धा! तेवढ्यात बॅटर पहिल्या बेसकडे पळत सुटली, तिसऱ्या बेसवरची होमला आली, आणि तुम्ही रन दिलात. ६-६.

आम्ही सगळे क्रिकेटवर वाढलेली माणसं. दांडी गुल झाली की कीपरच्या हातात बॉल आहे की नाही, हे कोण बघतं? सॉफ्टबॉलमध्ये तिसरा स्ट्राइक कॅचरने जमिनीला लागू न देता धरावा लागतो, नाही तर पहिला बेस रिकामा असताना किंवा दोन आऊट झालेले असताना बॅटर पळू शकते, हे मला त्या दिवशी माहीत नव्हतं. मुलगी तीन वर्षं खेळत होती आणि मी एकदाही तिला नियम विचारले नव्हते. तुम्ही 'आऊट' म्हणालाच नव्हता, हेही माझ्या लक्षात आलं नाही.

मग जे झालं ते तुम्हाला माहीत आहे. आम्ही जाळीला भिडलो, कुणीतरी दोरी ओलांडून आत आलं. समोरच्यांचे पालक आमच्या मुलींना नावं ठेवायला लागले. मैदानावर पंधरा-सोळा वर्षांच्या पोरी गप्प उभ्या आणि बाहेर त्यांचे आईबाप एकमेकांच्या अंगावर. तुम्ही दोन्ही हात वर करून 'टाइम' दिलात, दोन्ही संघांच्या सरांना बोलावलंत, आणि आमच्याशी एक शब्दही न बोलता त्यांना सांगितलंत की आपापले पालक दोरीमागे न्या, तोवर खेळ सुरू होणार नाही. दोघांना तेच शब्द, त्याच आवाजात. मॅच तिथेच थांबवून समोरच्यांना देऊन टाकायचा अधिकार तुमच्याकडे होता. तुम्ही तो वापरला असता, तर आमच्या तोंडाची शिक्षा पोरींना झाली असती.

आमच्या सरांना तुम्ही काय म्हणालात, ते त्यांनी परतीच्या एसटीत सांगितलं. बॉल जमिनीला लागला की नाही, हा तुमच्या डोळ्यांचा निर्णय, त्यावर तक्रार चालत नाही. पण नियमच चुकीचा लावला असं वाटत असेल, तर पुढचा बॉल टाकला जाण्याआधी सांगा, स्कोअररकडे नोंद करू. म्हणजे ज्यांनी तुम्हाला चोर ठरवलं, त्यांनाच तुम्ही तक्रारीचा रस्ता दाखवत होतात.

आणि मग तुम्ही खिशातला छोटा ब्रश काढलात आणि वाकून प्लेट साफ करायला लागलात. मला वाटलं, मुद्दाम वेळ काढताय, आणि त्यावरही मी काहीतरी बोललो. सरांनी सांगितलं, प्लेटवर धूळ नव्हतीच. कॅचरला चेंडू लागला किंवा ती मनातून हादरली, की जाणते पंच असा वेळ काढून देतात. तुमच्यासमोर बसलेली माझी मुलगी मास्कच्या आत रडत होती. मला जाळीतून तिची पाठ दिसत होती, तुम्हाला तिचा चेहरा. "घाई नाही, मास्क नीट बसव," एवढंच तुम्ही तिला म्हणालात. त्यानंतरच्या बॅटरचा उंच उडालेला फाउल तिने जाळीपाशी पळत जाऊन धरला. तो झेल मी जन्मभर विसरणार नाही.

आठव्या इनिंगला टायब्रेकर लागला, दुसऱ्या बेसवर रनर ठेवून खेळ सुरू झाला, आणि आम्ही हरलो.

घरी आल्यावर दोन दिवसांनी मुलगी बोलली. "बाबा, बॉल सुटला होता. मला कळलं होतं. मी उचलायला वळले आणि तुम्ही सगळे 'जिंकलो' ओरडलात. मला वाटलं, पंचांनी आऊट दिलं असेल. मी तुमच्याकडे बघितलं."

तेवढ्यात बॅटर पोचली होती. ती रन आमच्याच आरोळीने गेली होती, आणि तिचा दोष मी तुमच्या माथी मारत होतो.

राज्य स्पर्धा म्हटली की मनात दहावीच्या सवलतीच्या गुणांचा हिशेब सुरू होतो, आणि पुढे सरकारी नोकरीतलं खेळाडूंचं ५ टक्के आरक्षण डोळ्यांपुढे नाचतं. आमच्यासारख्या घरांना त्या प्रमाणपत्राची किंमत फार. मैदानावर आम्ही इतके का पेटतो, त्याचं कारण हे आहे. पण तुम्हाला जे बोललो, त्याला हे कारण पुरत नाही.

यंदा हंगामाआधी आमच्या सरांनी एका रविवारी पालकांनाच मैदानावर उभं केलं आणि नियम शिकवले. मी स्कोअर लिहायला शिकलो. पिचर १, कॅचर २, पहिल्या बेसवरची ३. सुटलेला बॉल उचलून कॅचरने पहिल्या बेसवर आऊट केलं, की २-३ लिहायचं. सरावाच्या मॅचमध्ये पहिल्यांदा ते दोन आकडे लिहिले, तेव्हा माझा हात थांबला होता.

सराव मॅचना आता पालकांतलाच कुणीतरी पंच होतो. मीही दोनदा उभा राहिलो. अडीच तास वाकून उभं राहून, एका क्षणात ठरवायचं, आणि मागून आवाज येत असताना मागे बघायचं नाही. हे तुम्ही उन्हात दिवसाला तीन-तीन मॅच कसं करता, ताई?

मुलगी यंदा १९ वर्षांखालच्या गटात आहे, अजून कॅचरच. हे पत्र लिहितोय म्हटल्यावर तिने तुम्हाला नमस्कार सांगितला आहे. आणि हेही लिहायला सांगितलंय, की बॉल सुटला की आता ती आधी थ्रो मारते, आमच्याकडे बघत नाही.

आपला,
कारंज्याच्या कॅचरचा बाबा