ट्रॅफल्गर चौकातली कबुतरे एका दिवसात गेली नाहीत

महोदय,

दादरचा कबुतरखाना बंद करण्यावरून २०२५मध्ये वाद पेटला तेव्हापासून लंडनच्या ट्रॅफल्गर चौकाचा दाखला अनेक जण देतात. तिथे दाणे टाकण्यावर बंदी आली आणि कबुतरे गेली, असे सांगितले जाते. प्रत्यक्षात त्याला सहा वर्षांहून अधिक काळ लागला. तो का लागला, हे मुंबईने समजून घेणे अत्यंत गरजेचे आहे.

हा चौक कबुतरांना मानवला याचे कारण त्याच्या बांधणीत आहे. चार्ल्स बॅरी यांच्या आराखड्यानुसार तो १८४४मध्ये खुला झाला. उत्तरेला १८३८ची नॅशनल गॅलरी, ईशान्येला अठराव्या शतकातले सेंट मार्टिनचे चर्च. दोन्हीकडे खांब, कंगोरे, छज्जे. पारवा हा मुळात कड्याकपारीत राहणारा पक्षी, त्याला दगडी छज्जा म्हणजे कपारच. पाण्याला दोन कारंजी होती. चौकात मोठा जमाव उभा राहू नये, म्हणून जागा अडवणे हाही ती बांधण्यामागचा एक हेतू होता! दाणे विकणारे चौकातच बसत. निवारा, पाणी आणि खाद्य एका जागी मिळाले की पारव्याची जोडी वर्षातून अनेकदा दोन-दोन अंडी घालते. एकेकाळी इथल्या कबुतरांचा अंदाज ३५ हजारांपर्यंत गेला होता.

नुकसान दगडाचेही होते. चौकातल्या १८४३च्या नेल्सन स्तंभाचा खांब ग्रॅनाइटचा असला तरी वरचा नेल्सन या नौदल सेनानीचा पुतळा वालुकाश्माचा आहे. हा दगड सच्छिद्र असतो, विष्ठेतली आम्ले आणि क्षार त्यात मुरतात. २००६मध्ये परांची बांधून स्तंभ स्वच्छ आणि दुरुस्त केला गेला.

आता बंदीचा क्रम पाहा. २००१मध्ये चौकातली दाणेविक्री थांबवली गेली. खाद्य एकदम तोडल्यास हजारो पक्षी उपाशी मरतील, असा पक्षीप्रेमींचा आक्षेप होता आणि तो रास्तच होता. म्हणून स्वयंसेवकांनी दिवसातून एकदा सकाळी दाणे टाकायचे आणि प्रमाण हळूहळू घटवायचे, अशी तडजोड झाली. कबुतरांना बसू न देण्यासाठी प्रशिक्षित हॅरिस हॉक हे शिकारी पक्षी चौकात उडवले जाऊ लागले. २००३च्या नोव्हेंबरात चौकात दाणे टाकण्यावर बंदी आली.

इथेच मेख होती. ही बंदी लंडनच्या महापौरांच्या अखत्यारीतल्या चौकापुरती. नॅशनल गॅलरीसमोरची उत्तरेकडची मोकळी जागा मात्र वेस्टमिन्स्टर या त्या भागाच्या नगर परिषदेकडे. दाणे टाकणारे काही पावले सरकून तिथे उभे राहिले, त्यांच्यामागे थवेही गेले. ही फट वेस्टमिन्स्टरने बुजवली ती २००७च्या सप्टेंबरात.

मुंबईत तर अशा फटी पावलोपावली आहेत. पदपथ पालिकेचा, स्थानकाचे आवार रेल्वेचे, किनाऱ्यालगतची जागा आणखी कुणाची, इमारतीची गच्ची सोसायटीची. एक कबुतरखाना ताडपत्रीने झाकला तर ज्वारी-चण्याची पिशवी पुढच्या कोपऱ्यावर रिकामी होते आणि तिथल्या खिडक्यांवर घरटी वाढतात.

म्हणून पालिकेला विनंती आहे. कबुतरखान्याच्या परिसरातल्या सर्व जागामालक यंत्रणांची बंदी एकाच तारखेपासून लागू करावी. त्याआधी काही महिने ठरलेल्या वेळी, मोजून आणि दर आठवड्याला घटवत दाणे द्यावेत. ते काम तिथे श्रद्धेने दाणे टाकणाऱ्यांकडेच सोपवावे. आणि छज्जे, वातानुकूलन यंत्रांमागच्या सांदी जाळीने बंद करण्याआधी आत अंडी-पिल्ले नाहीत ना, हे पाहावे. अंडी उबायला साधारण १८ दिवस आणि पिल्लू उडायला त्यानंतर महिनाभर लागतो.

– एक वाचक, माटुंगा, मुंबई