'बायबल खरे ठरले' म्हणण्याची घाई

महोदय,
उत्खननात काही सापडले की 'बायबल खरे ठरले' असे मथळे झळकतात. पुरावा इतका सरळ बोलत नाही. उत्तर इस्रायलमधील तेल दान येथे १९९३ मध्ये भिंतीत बांधकामाचा दगड म्हणून बसवलेला बेसॉल्टचा कोरीव तुकडा मिळाला. इ.स.पू. नवव्या शतकातल्या या अरामी भाषेतल्या लेखात 'दाविदाचे घराणे' (दावीद म्हणजे बायबलमधला इस्राएलचा राजा) असा उल्लेख आहे, तोही शत्रुराजाच्या फुशारकीत! म्हणूनच तो अधिक वजनदार. दाविदाला निव्वळ दंतकथा म्हणणाऱ्यांची त्याने पंचाईत केली. पण बायबलमध्ये दाविदाने मारलेल्या गल्याथ या महाकाय योद्ध्याच्या वधाबद्दल त्यात चकार शब्द नाही. बायबल सांगते, की इस्राएली सेनानी यहोशवापुढे यरीहो नगरीची तटबंदी कोसळली; पण तिथे उत्खनन करणाऱ्या ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ कॅथलीन केनयन यांना १९५०च्या दशकात यहोशवाच्या मानल्या जाणाऱ्या काळातली तटबंदी तर सापडलीच नाही. तेल दानचा गाजावाजा करणारे यरीहोला मात्र सोयीस्कर बगल देतात.

– एक वाचक, वसई