ते हँगर नव्हे

संपादक महोदय,

१९७१ च्या हवाई युद्धावरचा लेख आपल्या अंकात वाचला. चष्मा पुसून पुन्हा वाचला. ‘३ डिसेंबरच्या संध्याकाळी पाकिस्तानने हल्ला केला आणि रात्रीतच आपल्या वायुदलाने त्यांचे कंबरडे मोडले’ हे वाक्य काही गळी उतरले नाही. मी तेव्हा पठाणकोटला होतो. वैमानिक म्हणून नव्हे, एम.ई.एस.मध्ये, म्हणजे लष्कराच्या बांधकाम खात्यात, बी.आर. (इमारती व रस्ते) सुपरिंटेंडेंट, ग्रेड दोन. म्हणजे सिमेंट, खडी, सळई आणि मजुरांची हजेरी.

त्या रात्री आपल्या कॅनबेरा विमानांनी २३ उड्डाणे केली. सरगोधा, मियांवाली, मसरूर अशा तळांवर बॉम्ब टाकले. नुकसान झाले, पण कंबरडे वगैरे मोडले नाही. मोडणार कसे? त्यांचीही विमाने झाकलेली, पांगवलेली होती. त्यांना संध्याकाळी आपल्याकडे फारसे काही साधले नाही, तेही त्याच कारणाने. १९६७ च्या जूनमध्ये इस्रायलने इजिप्तची विमाने उघड्यावर ओळीने उभी असताना गाठली. तसे घबाड १९७१ साली एका रात्रीत ना त्यांना मिळाले, ना आपल्याला.

आपल्याला हा धडा आधीच मिळाला होता, आणि तो पठाणकोटलाच. ६ सप्टेंबर १९६५ च्या संध्याकाळी पेशावरहून पाकिस्तानची सेबर लढाऊ विमाने आली आणि आपली दहा-एक विमाने जमिनीवरच जाळून गेली. त्यांत तेव्हा नवलाईची असलेली मिगही होती. मी १९६७ साली मिरजेहून तिथे रुजू झालो तेव्हा जुनी माणसे बोट दाखवून सांगत, इथे एक उभे होते, तिथे एक.

त्यानंतर पेनांच्या कामाने जोर धरला. पेन म्हणजे विमानाचा गोठाच म्हणा ना. जाड भिंती, वर काँक्रीट, त्यावर मातीचा थर आणि गवत. ऐकायला सोपे वाटते. पण पठाणकोटच्या जूनमध्ये काँक्रीट भिजते ठेवणे ही काय शिक्षा आहे ते ज्याने केले त्यालाच ठाऊक. गोणपाट अंथरायचे, पाणी मारायचे, पुढच्या टोकाला पोचेपर्यंत मागचे वाळलेले. डोक्यावर घमेली घेऊन चढणाऱ्या बायकांची मुले शेजारी वाळूच्या ढिगावर झोपलेली असत. एका ठेकेदाराची भिंत मी पाडायला लावली, तेव्हापासून त्याने माझ्याशी रामराम सोडला. पाडली ते बरेच झाले.

३ डिसेंबरला पावणेसहाच्या सुमारास आम्ही चहाला टेकलो होतो. आवाज आला आणि मी खंदकात. माझ्या अंगावर आमचा स्टोअरकीपर, त्याच्या हातात अजून कप. बाहेर आलो तो अंधारात कंदिलाला निळा कागद लावून धावपट्टीवर खडे वेचायला माणसे लागलेलीसुद्धा. हो, खडे. जेट इंजिनाने एवढासा खडा ओढला तरी विमान गेले. मध्यरात्रीनंतर ट्रान्झिस्टरवर इंदिराबाई बोलल्या, पण अर्धे भाषण खरखरीत गेले.

दुसऱ्या दिवशी आमच्या पेनांतून २० नंबर स्क्वाड्रनची हंटर विमाने बाहेर पडली आणि थेट पेशावरला गेली. विंग कमांडर सेसिल पार्कर स्वतः पुढे. त्यांना पुढे महावीर चक्र मिळाले. पेशावर म्हणजे हंटरच्या इंधनाची अगदी शेवटची हद्द. परतताना टाकीत किती उरले असेल याचा हिशेब आम्ही जमिनीवरची माणसे उगाच करत बसलो होतो. १९६५ साली सेबर निघाली होती ती त्याच पेशावरहून, हे मात्र त्या दिवशी कुणाला बोलून दाखवावे लागले नाही.

धावपट्टीचीही एक गोष्ट लेखात यायला हवी होती. त्याच संध्याकाळी अमृतसरची धावपट्टी फुटली, ती काही तासांत बुजवून रात्रीच वापरात आली. उलट ढाक्याच्या तेजगावला आपल्या मिग-२१ विमानांनी ६ डिसेंबरला पाचशे किलोचे बॉम्ब नेमके धावपट्टीवर टाकले आणि पुढेही ती दुरुस्त होऊ दिली नाही. तिथली सेबर शाबूत होती, वैमानिक होते, पण पुन्हा एकही उडाले नाही. पूर्वेकडचे आकाश आपल्याला मोकळे मिळाले ते या खड्ड्यांमुळे. खड्डा बुजवणाऱ्या माणसाला हे वाचताना काय वाटते ते वेगळेच. तिथेही माझ्यासारखा कुणीतरी घमेली मोजत असणारच.

शेवटी एक छोटी दुरुस्ती. लेखासोबतच्या छायाचित्रात हंटरच्या मागे गवत उगवलेला उंचवटा दिसतो. त्याखाली आपण ‘हँगर’ असे छापले आहे. ते हँगर नव्हे, पेन आहे.

आपला,
एम.ई.एस.चा एक निवृत्त कर्मचारी, मिरज