बाळकाकांचे हात चौकटीत यावेत म्हणून

पणजी

तीर्थरूप आई आणि बाबा यांस शिरसाष्टांग नमस्कार.

रविवारी घरी आले तेव्हाच सांगायचे होते, पण आई तवसळी उकडत होती आणि बाबा माझ्यासाठी गरे काढत बसले होते. ओठांवर आलेले शब्द तसेच गिळले. आयर्लंडमधील विद्यापीठातली पीएचडीची जागा मी स्वीकारली आहे. सही करून झाली असून गणपतीची चवथ आटोपली की निघायचे आहे. तुम्हाला आधी विचारले नाही याची बोच जात नाही. विचारले असते तर तुम्ही नाही म्हटले नसते, पण तुमचे चेहरे पाहून मीच माघार घेतली असती.

बाबा, आधी फॉरेन्सिक, मग नर्सिंग, मग चित्रपट अभ्यास, एका विहिरीला पाणी लागण्याआधीच मी दुसरी खणायला घेते, असे तुम्ही म्हणाला होता. माझ्या लेखी ती एकच विहीर आहे. तोंडाने बोलता न येणाऱ्या आपल्या बाळकाकांना पोलीस चौकीवर नेले होते तो दिवस आठवा. ते हातांनी सगळे सांगत होते आणि कागदावर मात्र त्यातले काहीच उतरले नाही.

२०१३ साली पुराव्याच्या कायद्यात सुधारणा होऊन, ज्याला तोंडाने बोलता येत नाही त्याची साक्ष दुभाष्याच्या किंवा विशेष शिक्षकाच्या मदतीने घ्यावी आणि तिचे चित्रीकरण करावे असे ठरले; १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ही तरतूद कायम आहे. सरावासाठी केलेले असे एक चित्रीकरण मी पाहिले, तर कॅमेरा चेहऱ्यावर रोखलेला आणि दोन्ही हात मनगटापाशी तुटलेले. खुणांच्या भाषेत नुसती भुवई उचलली तरी विधानाचा प्रश्न होतो, म्हणून चेहरा आणि हात एकाच चौकटीत दिसायलाच हवेत. चित्रीकरणात मागाहून फेरफार झाला का, हे हॅश मूल्य, म्हणजे फाइलचा आकडी ठसा, पडताळून कळते. ते मी शिकले आहे. परंतु उत्तर यायला वेळ लागला की समोरच्याच्या तोंडात आपले शब्द न घालता थांबायचे कसे, हे मात्र वॉर्डातच उमगले. आयर्लंडमध्ये बौद्धिक अपंगत्व असलेल्यांच्या शुश्रूषेची चार वर्षांची स्वतंत्र पदवी आहे, आणि हेच काम जन्मभर केलेल्या माणसांच्या हाताखाली मला शिकायचे आहे. म्हणून इतक्या दूर, आई. घर नकोसे झाले म्हणून नव्हे.

विद्यावेतन मिळणार आहे, तेव्हा कुळागर गहाण टाकण्याचा विचारही बाबांनी मनात आणू नये. खोली उबदार आहे, स्वयंपाकघर आहे, तांदूळ मिळतो. आमसुले तेवढी आईने बांधून द्यावीत. थंडीत सकाळी पेजच करून पिईन. ताप आला की तू माझ्या उशाशी बसून, पेजेत लोणच्याचा खार कालवून भरवायचीस, ती चव मला अजून कुठेच सापडलेली नाही.

आता माझेही ऐका. बाबांनी रक्तदाबाची गोळी बरे वाटते म्हणून परस्पर बंद करायची नाही आणि पोफळीवर स्वतः चढायचे नाही; पाडेली येईपर्यंत सुपारी थांबेल. आईने गुडघा दाखवायला गोमेकॉ इस्पितळात याच महिन्यात जावे, मी सोबत येईन. अंगणातले शेवाळ कोणाकडून तरी घासून घ्या. हे दटावणे नव्हे, रात्री मला झोप यावी म्हणून सांगते आहे.

बाळकाकांना कसे सांगायचे, हे माझ्याआधी तुम्हीच पाहा. ते सोप्यावर निवांत बसलेले असताना आधी माझी खूण करा, वेणी ओढायची, मग विमानाची, आणि मग गणपतीच्या डोक्यावर माटोळी बांधण्याची. शेवटची खूण विसरू नका, नाहीतर पुढल्या चवथीला मी परत येणार आहे, हे त्यांना कळणार नाही.

तुमची,
बाय