पाळी लांबली की पहिली पायरी मेडिकलची का?

मा. संपादक,
स. न.

नवरात्र जवळ आले की आमच्या तालुक्यातील मेडिकल दुकानांत पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्यांची मागणी वाढते आणि डॉक्टरांची चिठ्ठी न मागता त्या सर्रास दिल्या जातात. तुळजापूरच्या दर्शनासाठी चार दिवस घेतलेल्या गोळीवरून मला वाद घालायचा नाही. परंतु महिनोन्महिने न येणारी पाळी ‘आणण्यासाठी’ही त्याच काउंटरवरून त्याच गोळ्या नेल्या जातात, त्याविषयी लिहिणे भाग आहे.

माझ्या भाचीची पाळी लग्नाआधीपासूनच दोन-अडीच महिन्यांनी येत असे. लग्नाला वर्ष होऊनही दिवस राहिले नाहीत, तेव्हा सासरच्यांनी ओळखीच्या दुकानदाराकडून गोळ्या आणल्या. त्या संपल्यावर दोन-तीन दिवसांत पाळी आली आणि घरातल्या सर्वांना हायसे वाटले. असे आठ महिने चालले. प्रोजेस्टेरॉनसारखे संप्रेरक काही दिवस देऊन थांबवले की गर्भाशयाचे अस्तर गळून रक्तस्राव होतो, पण त्या महिन्यात अंडाशयातून स्त्रीबीज बाहेर पडले असे त्यावरून मुळीच ठरत नाही, ही गोष्ट तिला कोणीही सांगितली नव्हती. पुढे सोनोग्राफीत ‘पाण्याच्या गाठी’ दिसल्या आणि एका खासगी दवाखान्यात ‘आज ना उद्या पिशवी काढावी लागेल’ असे तिला ऐकवण्यात आले. तेव्हा तिचे वय 23 होते. वास्तविक पीसीओएसमध्ये, म्हणजे संप्रेरकांच्या बिघाडाने स्त्रीबीज नियमित बाहेर न पडण्याच्या विकारात, दिसणाऱ्या या गाठी म्हणजे वाढ अर्धवट थांबलेली, स्त्रीबीजे असलेली बारीक पुटके असतात. त्यांच्यासाठी गर्भाशय काढण्याचे काही कारण नसते.

बीड जिल्ह्यात ‘पिशवी काढणे’ हे शब्द किती सहज उच्चारले जातात, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. 2019 मध्ये सरकारी समितीपुढे आलेल्या पाहणीत 82,309 ऊसतोड महिलांपैकी 13,861 जणींची गर्भाशये काढलेली आढळली होती. त्या सर्वच शस्त्रक्रिया अनावश्यक होत्या असे मी म्हणणार नाही, मात्र त्यांतील किती जणींच्या पाळीच्या तक्रारीचे कारण आधी शोधले गेले होते, हा प्रश्न मला सोडत नाही.

प्रौढ स्त्रीची पाळी साधारण 21 ते 35 दिवसांनी येते. ती वारंवार याहून लांबत असेल तर आधी गर्भ राहिला नाही ना हे पाहून थायरॉइड व प्रोलॅक्टिन (अंगावरचे दूध तयार करणारे संप्रेरक) यांची रक्ततपासणी करावी लागते, कारण या दोन्हींच्या बिघाडानेही स्त्रीबीज बाहेर पडणे थांबते आणि त्यांवरचे औषध वेगळे असते. पीसीओएस असेल आणि मूल हवे असेल तर पाळीच्या सुरुवातीच्या दिवसांत पाच दिवस लेट्रोझोल हे स्त्रीबीज वाढीला लावणारे औषध देऊन सोनोग्राफीने बीजाची वाढ पाहतात. मूल नको असेल तर गर्भनिरोधक गोळ्यांनी पाळी नियमित ठेवता येते. वजन जास्त असल्यास ते 5 ते 10 टक्के उतरल्यानेही अनेकींची पाळी सुधारते. दुर्लक्ष केले तर मात्र अस्तर वर्षानुवर्षे जाड होत राहते आणि गर्भाशयाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. भाचीचे उपचार आता याच पद्धतीने सुरू आहेत. जावईबापूंची वीर्यतपासणी पहिल्यांदा झाली तीही आत्ताच. तोवर सगळा दोष तिच्याच पदरात होता.

तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात थायरॉइड व प्रोलॅक्टिन या दोन रक्ततपासण्या आणि आठवड्यातून एक दिवस तरी स्त्रीरोगतज्ज्ञ उपलब्ध व्हावेत, तसेच संप्रेरकांच्या गोळ्यांच्या बिनचिठ्ठी विक्रीकडे अन्न व औषध प्रशासनाने लक्ष द्यावे, अशी विनंती आहे. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघतील. त्यापूर्वी गावात होणाऱ्या आरोग्य तपासणीत बायकांचे वजन आणि हिमोग्लोबिन यांबरोबर ‘मागची पाळी कधी आली होती?’ एवढे विचारून ते कार्डावर लिहिले गेले, तरी पुष्कळ जणींना वेळेवर तपासणीसाठी पाठवता येईल.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
केज, जि. बीड